कुंपणावरचा अनोळखी वेल: पावटा, घेवडा की खाजकुइली?

आषाढात आमच्या कर्वेनगरच्या इमारतीमागे, सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत पसरलं होतं त्या पट्टीत तीन रोपं उगवली. कुणी लावलेली नव्हती. आधी मातीतून दोन जाड, फिकट हिरव्या डाळी मान वाकवून वर आल्या. मग समोरासमोर दोन साधी पानं फुटली आणि त्यानंतर आलेलं प्रत्येक पान तीन-तीन पात्यांचं. पंधरा दिवसांत कुंपणाची जाळी दिसेनाशी झाली.

मग मतं सुरू झाली. शेजारचे काका म्हणाले, "घेवडा आहे, शेंगा धरतील." सासूबाईंनी पान चुरगाळून नाकाशी धरलं आणि सांगितलं, "पावटाच हा, वास बघ." मुळशीकडून येणारे माळीमामा मात्र लांब उभे राहिले. "ताई, ही खाजकुइली वाटतीय. शेंगा धरायच्या आत उपटा, पोरं खेळतात इथं." मोबाईलवरच्या ॲपला चार फोटो दाखवले, त्याने तीन वेगवेगळी नावं सांगितली.

मामांचं म्हणणं खरं असतं तर वेल ठेवणं धोक्याचं होतं. काकांचं खरं असतं तर उपटणं चुकीचं. म्हणून मी ठरवलं की हे नीट शोधायचं, आणि जे कळलं ते इथे मांडते आहे. पुण्यात पावसाळ्यानंतर कितीतरी अंगणांत, कुंड्यांत, पार्किंगच्या कडेला असा एखादा शेंगेचा वेल आपोआप उगवतो आणि घराघरांत हाच वाद होतो.

घेवडा म्हणजे नेमका कोणता?

पहिली अडचण वनस्पतीची नाही, नावाची आहे. मंडईत "श्रावण घेवडा" मागितला की फरसबी मिळते. नुसता "घेवडा" म्हटलं की पुष्कळ ठिकाणी रुंद, चपट्या शेंगा पुढे येतात, त्या वालाच्या जातीच्या. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो राजम्याच्या घरातला. आणि चार कंगोऱ्यांची शेंग येणारा चौधारी घेवडा या दोघांचाही जवळचा नातेवाईक नाही. म्हणजे "घेवडा" हा शब्द आपण इमारतीतल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला "काका" म्हणतो तसा आहे. हाक मारायला पुरेसा, ओळख पटवायला अपुरा.

उलटही घडतं. वाल, पावटा, वालपापडी ही बाजारात वेगवेगळ्या टोपल्यांत असतात, दरही वेगळे असतात, पण वनस्पती एकच. कुणाची शेंग कोवळी खायची, कुणाचे दाणे हिरवे सोलायचे, कुणाचे वाळवून, भिजवून, मोड आणून डाळिंब्या करायच्या, एवढाच वाणावाणांतला फरक.

म्हणून शास्त्रीय नाव लागतं. ते आपल्या पूर्ण नावासारखंच असतं, फक्त आडनाव आधी. वाल-पावट्याचं नाव लॅबलॅब परप्युरियस. फरसबी आणि राजमा दोन्ही फॅसिओलस व्हल्गॅरिस. चवळीचं आडनाव व्हिग्ना, मूग-उडीद-मटकी तिचीच भावंडं. खाजकुइली म्हणजे म्युक्युना प्रुरिएन्स. ही नावं पाठ करायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवायचं की आडनाव वेगळं असेल तर फूल, बी आणि अंगातलं विषही वेगळं असू शकतं.

"शास्त्रीय नावंही बदलतातच की," असं एकाने मला ऐकवलं. खरं आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली वालाला डॉलिकॉस लॅबलॅब म्हटलं होतं, पुढे ते बदललं. पण जुनं नाव पुसलं जात नाही, नव्या नावाच्या नोंदीत माहेरच्या नावासारखं राहतं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची नोंदही आजच्या झाडाशी जुळवता येते. "घेवडा" या शब्दाबाबत ती सोय नाही.

पळसाला पाने तीनच

ही म्हण आपण "कुठेही जा, तेच" या अर्थाने वापरतो, पण ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही नेमकी आहे. पळस शेंगेच्याच कुळातला. या कुळातल्या अनेकांना, म्हणजे वाल, फरसबी, चवळी, मूग, तूर, पांगारा, खाजकुइली यांना, तीन पात्यांचं पान असतं. खरं तर ती तीन पानं नव्हेत. एकाच पानाचे ते तीन भाग, त्यांना पर्णिका म्हणतात. खरं पान कुठे सुरू होतं हे पाहायचं असेल तर देठाच्या बगलेत बघा. जिथे बारीक कोंब दडलेला असतो तिथे पान सुरू होतं. पर्णिकेच्या बगलेत कोंब नसतो.

तीन पर्णिका दिसल्या म्हणजे शेंगेचंच झाड, असं मात्र नाही. बेलालाही तीन, आंबुशीलाही तीन. पुण्यातल्या कुंपणांवर हमखास चढणाऱ्या आंबटवेलालाही तीनच, आणि तो द्राक्षाच्या कुळातला. इथे दोन गोष्टी मदतीला येतात. आंबटवेलाच्या पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि तो स्प्रिंगसारख्या तणाव्यांनी पकडून चढतो. वाल-घेवडा-चवळीच्या कडा सपाट असतात, आणि हे वेल आपलं खोडच आधाराभोवती गुंडाळत वर जातात. वाटाण्यालाही तणावे असतात, पण त्याचं पानच वेगळं, त्यामुळे गोंधळ होत नाही.

आणखी एक खूण जवळून पाहण्यासारखी आहे. पानाचा देठ खोडाला जुळतो तिथे, आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही, गुडघ्यासारखी फुगीर जागा असते. तिच्यातल्या पेशींत पाणी भरतं-ओसरतं आणि पान हलतं. आमचा वेल मी रात्री टॉर्च घेऊन पाहिला. दिवसा आडव्या पसरलेल्या पर्णिका खाली लोंबून जवळ आल्या होत्या, छत्री मिटावी तशा.

जमिनीखालची साक्ष

तिघांतलं एक रोप मी मुळासकट हळूच काढलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. नखाने एक फोडली, आत गुलाबी. त्या गाठींत ऱ्हायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन वेलाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात, बदल्यात वेल त्यांना साखर देतो. गुलाबी रंग येतो तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या एका प्रथिनामुळे.

सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, लागले तरी मुळांवर गाठी दिसतात. पण त्या म्हणजे मूळच सुजलेलं असतं. त्या सहज सुटत नाहीत आणि आत गुलाबी नसतात. गुलाबी गाठ मिळाली की शेंगेचं कूळ जवळपास नक्की. कुळातला कोण, हे गाठ सांगत नाही.

फूल नसताना किती कळतं?

बरंच कळतं, फक्त शेवटचं उत्तर नाही. मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, शर्टाची. फरसबीच्या पानावर सूक्ष्म, आकड्यासारखी वाकलेली लव असते. तिचं पान सुती कापडावर दाबलं तर चिकटून राहतं. पूर्व युरोपात याच पानांचा उपयोग ढेकूण अडकवायला करत. आमच्या वेलाचं पान मी नवऱ्याच्या सदऱ्यावर पाच-सहा वेळा दाबलं, दर वेळी खाली पडलं. काकांच्या "श्रावण घेवड्या"ची बाजू तिथेच कमजोर झाली.

दुसरी, देठाच्या बुडाशी असलेल्या पानाच्या इवल्या जोडीची. हिला उपपर्ण म्हणतात. चवळीच्या उपपर्णाचं टोक, ते खोडाला चिकटलेलं असतं त्या जागेच्या खालीही उतरलेलं दिसतं. वालाचं आणि फरसबीचं तसं खाली उतरत नाही. आमचं उतरलेलं नव्हतं, म्हणजे चवळी बाद.

तिसरी गोष्ट हाताशीच होती आणि मला उशिरा सुचली. रोप उगवलं त्या दिवशीचा फोटो. काही शेंगभाज्यांच्या बियांच्या डाळी जमिनीतून वर येतात, तर काहींच्या मातीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. वाल, फरसबी, चवळी, मूग यांच्या वर येतात. हरभरा, वाटाणा, तूर यांच्या आत राहतात, आणि खाजकुइलीच्याही आतच. आमच्या रोपांच्या डाळी तर वर आलेल्या होत्या! मामांच्या भीतीवरचं उत्तर पहिल्या दिवसापासून माझ्या फोनमध्ये होतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, अनोळखी रोप दिसलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. डाळी आठवड्या-दोन आठवड्यांत गळून जातात आणि तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

तरी एका खुणेवर मुलांच्या अंगाची जोखीम घेणं मला पटेना. फूल येईपर्यंत मी त्या कोपऱ्याला दोरी बांधली.

ॲपला विचारलं की भागत नाही का?

ॲप निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. गुलमोहर, जास्वंद, सदाफुली ते चटकन सांगतं. पण नुसत्या पानावरून शेंगेचा वेल ओळखायला सांगणं म्हणजे शाळेच्या गणवेशातल्या मुलांचा पाठमोरा फोटो दाखवून "यातला आमचा कोणता?" असं विचारणं. तीन पर्णिका, मधली नीट, बाजूच्या दोन किंचित तिरप्या, हा गणवेश सगळ्यांचा एकच. ॲप फोटोची इतर फोटोंशी तुलना करून जवळचं नाव सुचवतं. सदऱ्यावर पान चिकटतं का, गाठ गुलाबी आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

त्यातूनही फोटो पाठवायचाच तर नुसता हिरवा पसारा पाठवू नका. पानाची खालची बाजू, देठाचा सांधा उपपर्णासकट, फूल बाजूने, शेंग आणि तिच्याशेजारी एक रुपयाचं नाणं. एवढं दिलं तर ॲपला काय, माणसालाही ओळखणं सोपं जातं.

गणपती झाले, फुलं का नाहीत?

वेल पहिल्या मजल्याच्या ग्रिलला पोचला, पण कळीचा पत्ता नाही. सोसायटीच्या बैठकीत "वांझ वेल आहे, काढून टाका" असा सूर लागला. मला तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते.

वालाचे जुने, पारंपरिक वाण दिवसाची लांबी मोजतात. पुण्यात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात सुमारे अकरा. वेलाच्या पानांना रात्रीची लांबी जाणवते. रात्र पुरेशी लांबली की पानांतून शेंड्यांकडे निरोप जातो आणि कळ्या धरतात. तोवर पाऊस आहे, ऊन आहे, वेल नुसता वाढत राहतो. म्हणूनच गावाकडे वाल-पावटा थंडीचा मानतात. बाजारात वर्षभर शेंगा देणारे सुधारित वाण आहेत, त्यांच्यातून हा स्वभाव निवडीने कमी केलेला असतो. फरसबीचे बहुतेक आजचे वाण तर दिवसाकडे न पाहता दीड-दोन महिन्यांत फुलतात. म्हणजे फूल न येणं हीसुद्धा माहितीच होती. तीन महिने नुसता पाला वाढवणारा वेल फरसबी असण्याची शक्यता कमीच.

माझी एकच चूक झाली. खत जास्त असेल तर पाला माजतो म्हणून मी वेल छाटायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरला. "दसरा होऊ दे," म्हणाल्या.

फूल उघडून पाहताना

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पानांच्या वर ताठ उभे तुरे निघाले आणि त्यांवर जांभळी फुलं. तुरा उभा आहे हे पाहूनच मी निम्मी निश्चिंत झाले, कारण खाजकुइलीच्या गडद जांभळ्या फुलांचे घोस खाली लोंबतात.

एक फूल तोडलं, पांढऱ्या कागदावर ठेवलं, टाचणी घेतली. या फुलांना पाच पाकळ्या असतात. मागे उभी राहते ती मोठी, पताकेसारखी. दोन बाजूंना पंख. आणि मध्ये खाली दोन पाकळ्या कडेने जुळून होडी झालेली. ही होडी म्हणजे फुलाचा चेहरा, ओळख तिथेच पटते.

फरसबीची होडी गोगलगाईच्या शंखासारखी वळसे घेते, आतली केसरंही तिच्यासोबत पिळलेली. वालाची होडी पिळत नाही, कोपरातून हात वाकवावा तशी काटकोनात वर वळते. चवळीच्या होडीला पूर्ण वळसा नसतो, शिवाय तिची फुलं सकाळी उघडून दुपारपर्यंत मिटतात. अबईचं, म्हणजे तलवारीसारख्या लांब-रुंद शेंगा येणाऱ्या वेलाचं, फूल उलटं लागतं. पताका खाली आणि होडी वर. गोकर्णाचंही तसंच, म्हणून तर त्याची ती निळी पताका आपल्याला समोर ताटलीसारखी दिसते.

माझ्या कागदावरची होडी काटकोनात होती. टाचणीने तिची शिवण उसवली. आत दहा केसरं, त्यांतली नऊ बुडाशी जुळून एक नळी झालेली, आणि दहावं पताकेच्या बाजूला एकटं, सुटं. फटीतून मधाचा थेंब चमकला. त्या सुट्या केसराच्या दोन्ही बाजूंनी कीटकाच्या सोंडेला आत शिरायला जागा मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा भुंगा आला तेव्हा ते घडताना पाहिलं. तो पंखांवर बसला, वजनाने होडी खाली दबली, आणि आतलं टोक वर येऊन त्याच्या पोटाला परागकण लावून गेलं. तो उडाला, होडी पुन्हा जागच्या जागी.

शेंग आणि बी

मार्गशीर्षात शेंगा भरल्या. चपट्या, कोयत्यासारख्या किंचित वाकलेल्या, टोकाला बारीक चोच, कडा खडबडीत. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग, तेही वालाच्या वेलाचं नेहमीचं दुखणं.

एक शेंग पूर्ण वाळू दिली आणि बी काढलं. बी शेंगेला जिथे जोडलेलं असतं तिथे खूण राहते, तिला नाभी म्हणतात. आपल्या बेंबीसारखीच ती. वालाच्या बियाची नाभी लपतच नाही. काळ्या-तपकिरी बियाच्या कडेवर पांढरी, उठावदार, लांबट पट्टी असते, भिंतीच्या कडेला चुन्याचा फराटा ओढावा तशी. डाळिंब्या सोलणाऱ्या हातांना ती पट्टी ओळखीची आहे. चवळीला नाभीभोवती डोळा असतो. अबईच्या मोठ्या बियाची नाभी जवळजवळ बियाएवढीच लांब. लिमा बीनच्या, म्हणजे पुण्यात "डबल बी" म्हणून हिरवे दाणे मिळतात त्यांच्या, बियावर नाभीपासून निघणाऱ्या बारीक रेषा दिसतात.

पान, फूल, बी, तिन्ही साक्षी एकाच नावाकडे गेल्या. सासूबाईंचा पावटा.

ज्यांच्यापासून जपायचं

खाजकुइलीची शेंग बोटाएवढी, इंग्रजी एससारखी वळलेली आणि सोनेरी-तपकिरी मखमलीने मढलेली. ही मखमल म्हणजे सुयांसारखी लव. ती त्वचेत रुतते, तिच्यातलं म्युक्युनेन नावाचं प्रथिन असह्य खाज उठवतं. वाळल्यावर ती वाऱ्यानेही उडते, म्हणून थंडी-उन्हाळ्यात अशी शेंग लटकलेली दिसली तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभंसुद्धा राहू नका. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती आणखी रुतते. चिकटपट्टी लावून उचला, कपडे बदला. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा. याच वनस्पतीच्या बियांत एल-डोपा हे द्रव्य आहे, कंपवातावर देतात ते. भारतीय शास्त्रज्ञ दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली ते या बियांतून वेगळं केलं होतं. औषधी आहे म्हणून घरी बी कुटून घेऊ नये, हेही त्याच कारणाने. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम.

दुसरी गुंज. तिच्यात आणि घेवड्यात गोंधळ व्हायचं कारण नाही, कारण तिचं पान चिंचेसारखं, बारीक पर्णिकांच्या जोड्यांचं. पण लाल बियावरचा काळा ठिपका मुलांना मोहात पाडतो. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, या हिशेबाने सोनार पिढ्यान्‌पिढ्या ती तराजूत ठेवत आले. तिच्यातलं ॲब्रिन हे विष पेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. कठीण सालीमुळे अख्खं गिळलेलं बी पुष्कळदा तसंच बाहेर पडतं, चावलेलं बी जिवावर बेतू शकतं. चावलं की अख्खं गिळलं याचा अंदाज घरी करत बसू नये. मुलाने तोंडात घातल्याचा संशय आला तरी बी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावं.

"पाखरं खातात, मग विषारी कसं?" हा प्रश्न मला दोघांनी विचारला. पक्षी बी अख्खं गिळतो आणि अख्खं टाकतो. त्याचं पोट आपलं नाही. शेळीचंही नाही.

शिजवलं की सगळं चालतं, नाही का?

हाच समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो अर्धा खरा आहे. शेंगवर्गातल्या अनेक बियांत काही ना काही विषारी द्रव्य असतं. पण प्रत्येकाचं वेगळं, आणि ते घालवायची रीतही वेगळी.

राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन कडक उकळीने मोडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की किमान 12 तास भिजवा आणि मग पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा. कच्चे चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. वालाच्या आणि लिमा बीनच्या वाळलेल्या बियांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. ते एरवी शांत असतं, कारण ते आणि त्याला फोडणारा विकर (एन्झाइम) पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. काथ आणि चुना वेगळे असतात तोवर विड्यात रंग नाही, चावताच दोन्ही भेटतात आणि तोंड लाल. तसंच इथे पेशी फुटली की होतं. भिजवणं, मोड आणणं, पाणी टाकून देणं, सोलणं आणि झाकण न लावता नीट शिजवणं यांनी हे द्रव्य कमी होतं. कडव्या वालांच्या बिरड्याची खटपट आपल्या आज्या उगाच करत नव्हत्या. अबईच्या वाळलेल्या बियांत मात्र कॅनाव्हॅनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते नुसत्या उष्णतेने जात नाही, त्यासाठी उकळलेलं पाणी ओतून टाकावं लागतं. प्रेशर कुकरमध्ये लावून तेच पाणी आमटीत घेतलं तर ते पानातच येतं.

म्हणजे नाव माहीत नसेल तर कोणती रीत लावायची हेच माहीत नसतं. अनोळखी शेंग "थोडीशी चाखून बघू" हे तर अजिबात नको.

मग उपटूनच टाकावं का? मखमली शेंगा दिसत असतील तर हो, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, ओल्या हवेत. एरवी नको. शेंगेचा वेल मुळं आणि पाला मातीत मुरल्यावर तिला नायट्रोजन देतो, भुंग्यांना मध देतो. एक हंगाम थांबायला काय हरकत आहे?

कुणाला दाखवायचं

पुणेकरांना या बाबतीत मोठी सोय आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून कोरेगाव पार्कच्या बाजूला आहे. 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेली आघारकर संशोधन संस्था विधी महाविद्यालयाच्या परिसरात. दोन्हीकडे वाळवून जपलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. वनस्पतिशास्त्राचा विभाग असलेलं जवळचं महाविद्यालयही चालेल.

जाताना एक पान घेऊन जाऊ नका. फूल, शेंग आणि दोन-तीन पानं असलेली वीतभर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, वर जड पुस्तकं. पहिला आठवडा कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. फुलाचा ताजा रंग लगेच लिहून ठेवा, वाळल्यावर तो उडतो. तारीख, जागा, वेल उगवला ती माती कुठून आली हेही लिहा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतात उगवलेला वेल बहुधा डब्यातलाच कुणी असतो. वेताळ टेकडीला लागून असलेल्या कुंपणावर मात्र रानातलं काहीही असू शकतं.

आमच्या वेलाच्या कोवळ्या शेंगांची भाजी दोनदा झाली, दोन्ही वेळा सासूबाईंनी केली. वाळलेल्या शेंगांतून वाटीभर बी निघालं. बरणीवर मी चिठ्ठी लावली आहे: "पावटा, जांभळं फूल, होडी काटकोनात, पहिली कळी दिवाळीआधी." माळीमामांनी मूठभर बी मुळशीला नेलं. नेताना एकेक दाणा उलटवून त्याची पांढरी पट्टी पाहत होते.